शेवंती ऊर्फ सुनंदा

कागदांवर दिल्लीचा शिक्का बसला, आणि पुढच्याच सोमवारी अनंतशेट मलुष्ट्यांच्या बायकोचं माहेरचं नाव देवरुखच्या एस.टी.तून उतरून लांज्याला घरी आलं.

अनंतशेट तेव्हा दुकानात एका गिऱ्हाइकाला कुलूप दाखवत होते. लांज्याच्या बाजारपेठेत त्यांचं दुकान आहे. कुलुपं, बिजागऱ्या, साखळ्या, सुंभ, ताडपत्री. खाली दुकान, वर माडीवर घर. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण गल्ल्यावर बसून झालेलं. गिऱ्हाइकाची तक्रार होती की कुलूप फार घट्ट लागतं. शेट त्याला समजावत होते, की बाबा, सैल लागणारं कुलूप मी तुला दिलं तर त्याचं कौतुक तुझ्यापेक्षा चोराला जास्त होईल. तेवढ्यात पायरीवर एक बाई येऊन उभी राहिली. तपकिरी साडी, हातात रेक्झिनची पिशवी.

"अनंत मलुष्टे आपणच का?"

शेटनी मान वर केली. समोर त्यांची बायको होती. तीच उंची, हनुवटीवर तोच तीळ, कानाजवळ तेच पांढरे केस. फक्त गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, आणि नवऱ्याला कोणी त्याचं नाव असं विचारत नाही.

"मी शेवंती गोविंद खातू," बाई म्हणाली. "माझे कागद खरे ठरले असं कळलं. म्हणून आले."

अनंतशेटनी आधी गिऱ्हाईक उरकलं. धंद्यात तेवढी शिस्त लागतेच. मग जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "अगं, जरा खाली ये. तू आली आहेस."

आता हे कसं झालं ते सांगायला हवं, म्हणजे मागाहून कोणाचा गोंधळ नको. शेटची एकुलती मुलगी केतकी लग्न करून परदेशी गेली होती. देशाचं नाव जिभेला वळण नसल्याने बाजारपेठेत सगळे त्याला 'जावयाचा देश' म्हणत. केतकीला दिवस राहिले होते, आणि तिथल्या डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं. जावई दिवसभर कामावर. आईने बाळंतपणाला यावं एवढंच तिचं मागणं होतं. पण जावयाच्या देशाला आईचा जन्मदाखला हवा, लग्नाचा दाखला हवा, त्यांचं त्यांच्या भाषेत भाषांतर हवं, आणि सगळ्यावर आधी मुंबईचा, मग दिल्लीचा शिक्का हवा. शेटनी सगळं रीतसर केलं होतं.

लग्नाच्या दाखल्यावर नाव होतं सुनंदा अनंत मलुष्टे. जन्माच्या दाखल्यावर शेवंती गोविंद खातू. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, तसं अनंतशेटनीही लिहिलं होतं. भटजींनी ऐन वेळी विचारलं, "नाव ठरवलंय ना?" ठरवलेलं नव्हतं. समोर आहेराच्या भांड्यांची रास होती आणि सगळ्यात वरच्या पातेल्यावर कोरलं होतं, 'सौ. सुनंदा पाथरे यांजकडून'. अनंतशेटनी अंगठी उचलली. पातेलं अजून घरात आहे, त्यात दूध तापतं. दूध उतू गेलं की सुनंदाबाई म्हणतात, "माझं नाव करपलं बघा."

तर दिल्लीच्या शिक्क्याचा अर्थ असा, की कागदात लिहिलेलं माणूस खरं आहे. आणि सरकारने एकदा खरं म्हटलं, की माणसाला यावंच लागतं.

सुनंदाबाई पदराला हात पुसत खाली आल्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"गाडीला गर्दी होती?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"बसायला मिळालं. खिडकी मिळाली."

"जेवली नसशील."

"नाही."

"चल मग वर. कुळथाची पिठी केलीय."

"सुक्या मिरच्या घालून?"

"नाहीतर कशी करतात?"

जेवताना शेवंतीने डाव्या हाताने वाढून घेतलं, आणि सुनंदाबाईंचा घास थांबला. त्याही डावखुऱ्या होत्या. या घरात आल्यावर सासूबाईंनी ती सवय मोडून काढली होती, इतकी पक्की की पुढे त्यांनाच आठवेना आपला मूळचा हात कोणता.

"इतकी वर्षं होतीस कुठे?" त्यांनी विचारलं.

"देवरुखला. जन्माच्या नोंदीत."

"कंटाळा नाही आला?"

"नाही गं. वरच्या ओळीत एक पाटणकर होता, अबोल, पण सभ्य. खालच्या ओळीत जुळी. त्यांची भांडणं सोडवण्यात दिवस जायचे. शिवाय माझा शाळेचा दाखला आहे, त्यामुळे मॅट्रिकपर्यंत बाहेर हिंडता यायचं."

"आणि पुढे?"

"पुढे काही नोंदच नाही," शेवंती म्हणाली, आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.

अनंतशेटना पाहुणीचं कौतुक वाटलं. आलं ते माणूस तक्रार घेऊन आलं नव्हतं. पिशवीतून तिने आवळ्याची सुपारीसुद्धा काढून ठेवली होती. माडीवरची मागची खोली तिला दिली. शेजारच्या टोपीवाल्यांनी विचारलं, "पाहुणे कोण?" शेट म्हणाले, "हिच्या माहेरचं माणूस." त्यात खोटं काहीच नव्हतं.

अडचण मुंबईला आली. व्हिसाच्या कार्यालयात नाव पुकारलं तेव्हा दोघी उठल्या. खिडकीमागे साळगावकर नावाचे तरुण अधिकारी होते, बोलायला अतिशय नम्र. त्यांनी कागद पाहिले, बायका पाहिल्या, पुन्हा कागद पाहिले.

"जन्म यांचा आहे," त्यांनी शेवंतीकडे बोट केलं. "लग्न यांचं आहे, मुलगी यांची आहे. आता मुलीच्या आई म्हणून जाणार या, सुनंदाताई. पण यांचा जन्म झालेला नाही."

"या तुमच्यासमोर उभ्या आहेत," अनंतशेट म्हणाले.

"उभ्या आहेत हे मी नाकारत नाही. पण जन्म न झालेल्या व्यक्तीला व्हिसा देण्याची तरतूद नाही."

"मग हिला द्या."

"यांना लगेच देतो. जन्म आहे, मॅट्रिक आहे, उत्तम कागद आहेत. पण यांनी जाऊन भेटायचं कोणाला? यांना मुलगी नाही."

अनंतशेटनी खुर्ची पुढे ओढली. "साहेब, मी कुलुपं विकतो. प्रत्येक कुलपाबरोबर दोन किल्ल्या देतो. आजवर एकही गिऱ्हाईक परत येऊन म्हणालं नाही, की शेट, किल्ल्या दोन आहेत, त्या अर्थी कुलूप एक कमी दिलंत."

साळगावकरांनी यावर खरोखर विचार केला. पेन खाली ठेवून केला. "पटतं," ते म्हणाले. "पण शेट, किल्ल्या दोन असत्या तर माझी काहीच हरकत नव्हती. इथे कुलुपं दोन आली आहेत."

दोघी एका बाकावर बसून चहा पीत होत्या.

"तुमच्या तहसीलमधून दोघी एकच असल्याचं लिहून आणा," साळगावकर म्हणाले. "मी तुमचा अर्ज बाजूला ठेवतो, नाकारत नाही. नाकारला तर पुन्हा लवकर करता येत नाही." अनंतशेटनी त्यांना नमस्कार केला. नियम सांगणारे पुष्कळ भेटतात, नियमातली फट दाखवून वर दार उघडं ठेवणारा एखादाच.

परतीच्या वाटेवर केतकीचा फोन आला. डॉक्टरांनी तारीख अलीकडे आणली होती. "आई, येशील ना गं?" तिने विचारलं. फोन सुनंदाबाईंच्या कानाला होता, पण ऐकत दोघी होत्या. "येते," सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला आणि रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा आपण जन्मलो नसल्याची त्यांना काळजी वाटत होती.

लांज्याच्या तहसील कचेरीत गुरव भाऊसाहेब म्हणून कारकून होते. अनंतशेटचं जुनं गिऱ्हाईक, कचेरीच्या सगळ्या कपाटांची कुलुपं शेटकडचीच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"शेट, यांनी माझ्यासमोर उभं राहून 'आम्ही एक' म्हणायचं, मी डोळ्यांनी दोन मोजायच्या, आणि खाली 'एक' लिहून सही करायची. हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

"मग मुलीला काय सांगू?"

"थांबा हो. 'एक' जमणार नाही म्हणालो. 'ऊर्फ' जमेल." भाऊसाहेबांनी खुर्ची वळवली. "ऊर्फला दोन लागतातच. माझ्या हातून आजवर बाळ्या ऊर्फ भालचंद्र झालाय, तानी ऊर्फ तनुजा झालीय. दर वेळी त्यातलं एकच माणूस हजर असायचं. तुमचं पूर्ण पथक आलंय, एवढाच फरक. पण एक आहे. ऊर्फला मूळ नावाची संमती लागते. ती लग्नात घेतली होती का?"

अनंतशेट सुनंदाबाईंकडे बघू लागले. सुनंदाबाई शेवंतीकडे.

"मला कोणी विचारलं नाही," शेवंती म्हणाली. आवाजात राग नव्हता. एस.टी. किती वाजता सुटली हे सांगावं तसं तिने सांगितलं.

"तिथंच राहिलंय ते," भाऊसाहेब म्हणाले. "नोंद ज्या रीतीने झाली त्याच रीतीने दुरुस्त करायची, असा आमचा नियम आहे. ताट लागेल, तांदूळ लागतील, अंगठी लागेल."

शिपाई समोरच्या वाण्याकडून ओंजळभर तांदूळ घेऊन आला. ताट भाऊसाहेबांच्या डब्याचं. अंगठी निघता निघेना, अनंतशेटचं बोट लग्नानंतर बरंच सुखी झालं होतं, तेव्हा साबण लावावा लागला. टेबलावरच्या फायली बाजूला करून मधे ताट ठेवलं. तांदूळ उडू नयेत म्हणून पंखा बंद केला. रांगेतली माणसं उत्पन्नाचे दाखले विसरून जवळ सरकली.

"विचारा," भाऊसाहेब म्हणाले.

अनंतशेटनी आयुष्यात हजारो सौदे केले होते, अडेलतट्टू गिऱ्हाइकं वळवली होती. पण हा प्रश्न त्यांनी कधी कोणाला विचारला नव्हता, आणि तो कुठून सुरू करतात हे त्यांना माहीत नव्हतं. अंगठी हातात फिरवून झाली. शेवटी साधंच विचारलं.

"शेवंतीबाई, तुमचं नाव मी बदलू का?"

शेवंतीने विचार केला. सावकाश केला.

"नको," ती म्हणाली.

सुनंदाबाईंनी डोळे मिटले.

"नको," शेवंती पुन्हा म्हणाली. "माझ्या जन्माच्या वेळी घरामागच्या परड्यात शेवंती फुलली होती, म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं. मला आवडतं. बदलायचं नाही." मग तिने ताट जरा आपल्याकडे ओढलं. "पण मुलीला आई हवीय. ऊर्फ चालेल."

अनंतशेटनी दोन्ही हात जोडले. त्यांना आधी वाटलं भाऊसाहेबांना जोडतोय, मग लक्षात आलं हात तिच्याकडे वळलेत. आपला संसार चांगला चाललाय हे त्यांना नेहमीच ठाऊक होतं. पण त्यातला पहिला व्यवहार एकतर्फी होता, आणि आज समोरच्याने आधी नाही म्हणून मग आपणहून होकार दिल्यावर तो पक्का झाला.

"आता डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण?" भाऊसाहेबांनी विचारलं. "आधीच्या नावाला मान असतो, म्हणून म्हणतो. यावरून भावाभावांत फूट पडलेली मी पाहिलीय."

"ती डावीकडे," सुनंदाबाई म्हणाल्या. "जन्म तिचा आहे. मी उजवीकडे बसते. मलुष्ट्यांना लागून बसायची मला सवय झालीय."

"झोपेत घोरतात का ते?" शेवंतीने हळूच विचारलं.

"ऊर्फ झालीस की कळेल."

अनंतशेटनी अंगठीने तांदळात लिहिलं, शेवंती ऊर्फ सुनंदा. ताट लहान असल्याने 'दा' काठावर चढला. भाऊसाहेबांनी तो वाचून घेतला. मग सह्यांची वेळ आली आणि काम पुन्हा अडलं. शेवंतीने डाव्या हाताने सही केली, सुनंदाबाईंनी उजव्या. दोन सह्यांचं एकमेकींशी काही नातं दिसेना.

"जुळायला हव्यात," भाऊसाहेब कळवळून म्हणाले. "निदान वळण तरी."

सुनंदाबाईंनी पेनाकडे पाहिलं. मग ते उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं. अक्षरं सुरुवातीला इकडेतिकडे पळाली, आणि मग ओळखीच्या रस्त्याला लागावीत तशी सरळ चालू लागली. सही पुरी झाली. भाऊसाहेबांनी दोन्ही सह्या खिडकीच्या उजेडात धरल्या.

"झालं," ते म्हणाले, आणि शिक्का मारला. तांदूळ त्यांनी परत पुडीत बांधून दिले. "घरी न्या. याची खीर करा." पंखा सुरू झाला. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने शेटना विचारलं, "माझं पण होईल का हो? मला सगळे आप्पा म्हणतात." भाऊसाहेबांनी त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

तो कागद पुण्याला टिळेकर मॅडमकडे गेला. जावयाच्या देशाची भाषा सबंध जिल्ह्यात कोणाला येत नव्हती आणि मॅडमना येत होती. शेटना भीती होती, की तिकडे ऊर्फला शब्दच नसला तर? मॅडम फोनवर म्हणाल्या, "आहे की. नावं बदलणाऱ्या बायका तिकडेही आहेत." त्यांनी रात्रीचा दिवस करून भाषांतर पाठवलं. वर कळवलं की केतकीसाठी डिंकाचे लाडू नेणार असाल तर त्यांत काय काय आहे तेही भाषांतर करून देते, तिकडे विमानतळावर विचारतात. लाडवांचं भाषांतर त्यांनी आपणहून जोडलं.

पुन्हा मुंबईचा शिक्का, पुन्हा दिल्लीचा. कागद शिक्क्यानिशी परत आले त्या सोमवारी सुनंदाबाईंनी भात थोडा जास्त टाकला. न जाणो, शेवंती ऊर्फ सुनंदा अशी आणखी एक यायची. देवरुखची गाडी आली, गेली. कोणी उतरलं नाही. जास्तीचा भात रात्री फोडणीचा झाला.

साळगावकरांनी बाजूला ठेवलेला अर्ज पुढे ओढला. "आता व्यवस्थित आहे. जन्म आहे, लग्न आहे, मुलगी आहे. व्हिसा एकच निघेल. दोघींपैकी कोणीही वापरावा, मात्र एका वेळी एकीने."

"आणि दुसरी?"

"दुसरी भारतात असावी. माणूस संपूर्ण देशाबाहेर गेलेलं आम्हालाही चालतं, पण तुमच्या दुकानाचं काय?"

हा माणूस व्यापाऱ्याच्या घरचा असणार, असं अनंतशेटना तेव्हाच वाटलं. त्यांनी विचारलं. निघाला तसाच. वेंगुर्ल्याला मामांचं भांड्यांचं दुकान.

सुनंदाबाई गेल्या. घेतलेला जाड कोट एकच होता, तो त्यांनी लांज्यापासूनच हातावर धरला. वेळेत पोचल्या, पोचल्यावर दोन दिवसांनी केतकीला मुलगी झाली. फोन आला तेव्हा अनंतशेट आणि शेवंती गल्ल्यावर होते. शेटनी फोन शेवंतीच्या हातात दिला, आणि तिनेच सगळं विचारून घेतलं. वजन, केस, रडते कशी, केतकीने काही खाल्लं का. मग फोन ठेवून बाजारपेठेत पेढे वाटायला निघाली. टोपीवाल्यांनी विचारलं, "तुम्ही मुलीच्या कोण?" ती म्हणाली, "डावीकडची."

ते महिने अनंतशेटना चांगले आठवतात. शेवंतीबाईंना धंद्याचं काही ठाऊक नव्हतं, पण त्या गिऱ्हाइकाला मनापासून विचारत, "घरात असं काय आहे, की कुलूप लावता?" आणि माणसं स्टूल ओढून बसत. एक गिऱ्हाईक असंच तासभर बोललं आणि कुलूप न घेताच हसत गेलं. चार दिवसांनी तेच येऊन घराच्या सगळ्या दारांसाठी बिजागऱ्या घेऊन गेलं. संध्याकाळी दोघं चहा घेत. शेट तिला तिच्या नावाने हाक मारत, आणि दर वेळी त्यांना वाटे, हे नाव तोंडात किती छान बसतं, आणि त्यासाठी कोणाचे आभार मानावेत ते कळत नाही.

केतकी हिंडू-फिरू लागली तसा सुनंदाबाईंचा फोन आला. "मी परत येते. आता तिला पाठवा. मॅट्रिकच्या पुढे ती कुठे गेलेलीच नाही."

विमानतळाच्या दारात एक बाहेर आली, एक आत निघाली. मधे कोट आणि पासपोर्ट या हातातून त्या हातात गेले.

"थंडी?" शेवंतीने विचारलं.

"फार. खिशात सुपारी ठेवलीय. केतकीला तिखट देऊ नको. आणि बाळाला डाव्या खांद्यावर घे, तिथेच झोपतं."

"आम्हा दोघींना डावंच बरं," शेवंती म्हणाली आणि आत गेली. पहारेकऱ्याने पासपोर्ट पाहिला, चेहरा पाहिला, सोडलं.

सुनंदाबाई घरी आल्या, पातेल्यात दूध तापवलं आणि शेटना चहा दिला. डाव्या हाताने दिला. शेटनी कप घेतला आणि विचारलं, "तुला काय म्हणून हाक मारू?"

"मला सुनंदाच म्हणा," त्या म्हणाल्या. "पण विचारलंत ते बरं केलंत."

परवा जावयाच्या देशातून पाकीट आलं. नातीचा जन्मदाखला, आपल्याकडच्या कामांसाठी मराठीत भाषांतर करून शिक्के मारायला. तिकडच्या दाखल्यावर नाव आहे रेवा. बारशाला पाळण्यात सांगितलेलं राशीचं नाव वेगळं, हर्षिका, आणि जावयाने हौसेने तेही निराळ्या कागदावर तिथे नोंदवून घेतलंय. टिळेकर मॅडमनी भाषांतर केलं, कागद दिल्लीला गेले आहेत.

अनंतशेटनी कापडाच्या दुकानातून झबली आणली, दोन. सुनंदाबाईंनी माळ्यावरचा पाळणा काढून धुतला आणि शेटकडून त्याला जास्तीच्या साखळ्या लावून घेतल्या. शिक्का बसलेलं नाव त्याच गाडीने येतं असा अनुभव असल्याने दर सोमवारी देवरुखची गाडी येते तेव्हा शेट दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहतात. बाळ एकटं कसं उतरेल, कंडक्टरला सांगून ठेवलं आहे.